खाजण पडीक नसतं : वाचकांचे प्रश्न, खाडीकाठची उत्तरं

मागच्या अंकात मी मिठागरांमागच्या उघड्या खारट जमिनीबद्दल दोन पानं लिहिली होती, ती जमीन मोकळी दिसते पण मोकळी नसते एवढंच म्हणणं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं या अंकात तरी जमणार नाही. बहुतेकांचा रोख एकच होता, की कांदळवन समजतं, फ्लेमिंगो समजतात, पण हा मधला चिखल आणि मागचं उघडं खाजण, याचं नक्की काय? मी खारेपाटातच वाढले, लहानपणी आम्हीपण त्याला पडीकच म्हणायचो, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं लिहिताना जरा जास्तच लांबण लागलीय, सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या गावाच्या बांधापलीकडे तिवरांच्या मागे मोठं मैदान आहे. पावसाळ्यानंतर तिथे बुटकी, गुबगुबीत पानांची झुडपं येतात आणि डिसेंबर-जानेवारीत सगळं लालभडक होतं. गावात म्हणतात की कंपन्यांच्या केमिकलमुळे झाडं जळली. खरं आहे का? (एक वाचक ताई, पेण तालुका)

ताई, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून झाडं जळलेली नाहीत, ती तशीच असतात. कंपन्यांचं पाणी खाडीत येतं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो खराच आहे, पण ही लाली त्याची नाही. जळलेलं झाड करपतं, वाळून तपकिरी होतं, हात लावला की चुरा होतो. तुमच्या मैदानातलं झाड लाल असूनही रसरशीत असणार, बोटात दाबून बघा, पाणी येईल, आणि चाखलं तर खारट लागेल.

यात मुख्यतः तीन झाडं असतात. एकाला पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या सांधे सांधे जोडल्यासारख्या हिरव्या कांड्या, ती सालिकॉर्निया. दुसरं सुएडा, बारीक बोटांसारखी गोल पानं. तिसरं जमिनीवर पसरणारं, घोळीच्या भाजीसारखं दिसतं, जांभळट गुलाबी चांदणीसारखी फुलं येतात, ते सेसुवियम. गावठी नावं विचारली होती तुम्ही, पण ती खाडीगणिक बदलतात आणि एकाच नावानं दोन ठिकाणी दोन वेगळी झाडं दाखवतात, म्हणून मी शास्त्रीय नावं लिहिली. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून मला नक्की कळवा, मला ती नावं जमवायचीच आहेत.

सालिकॉर्निया आणि सुएडा ही दोन्ही बीट, पालक, चाकवत यांच्याच कुळातली. बीटाचा जो लाल रंग असतो ना, त्याच जातीचं रंगद्रव्य यांच्यात असतं. पाऊस थांबला, ऊन चढलं, जमिनीत मीठ वाढायला लागलं की झाडावर ताण येतो आणि हा रंग वर येतो. म्हणजे ती लाली हा ऋतूच आहे, जसा पळस फुलतो तसा. पुढच्या पावसात पुन्हा हिरवं दिसेल.

आता ही झाडं तिवरांच्या मागेच का, पुढे का नाहीत, हे समजलं की सगळी खाडी समजते. पाण्याकडून गावाकडे चालत या. सगळ्यात पुढे उघडा चिखल, तो ओहोटीला दिसतो आणि भरतीला रोज दोनदा बुडतो. त्याच्या काठाला चिप्पी, मग तिवर, अधूनमधून काटेरी पानांची मरांडी, ही सगळी कांदळवनातली झाडं. इथपर्यंत पाणी नेहमी येतं-जातं. त्याच्या मागे जमीन बोट-दोन बोटं उंच होते, आणि तेवढ्याशा उंचीनं सगळा खेळ बदलतो, कारण तिथे रोजची भरती पोचतच नाही. पोचते ती उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस, बाकी भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत तिथे फक्त ऊन. पाणी येतं, साचतं, उडून जातं, मीठ राहतं. पुन्हा येतं, पुन्हा उडतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, या मैदानातल्या मातीतलं पाणी उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पुढे जातं. तिवरासारखं चिवट झाडसुद्धा तिथे खुरटतं नाहीतर मरतं. तिवराच्या पानावर मीठ बाहेर टाकायच्या ग्रंथी असतात, पान जिभेला लावलं तर खारट लागतं, पण त्यालाही एक हद्द आहे.

ही बुटकी झाडं मात्र मीठ आत घेतात आणि पेशींमधल्या एका वेगळ्या पिशवीत कोंडून ठेवतात, वर भरपूर पाणी साठवून ते पातळ करतात, म्हणून ती गुबगुबीत. आणि मग पावसाळा येतो, कोकणातला पाऊस ते सगळं मीठ धुऊन नेतो, दोन-तीन महिने जमीन जवळजवळ गोडी होते, त्याच काळात बिया रुजतात. उन्हाळ्याच्या जमिनीत टाकली तर त्याच बिया बहुतेक रुजणारच नाहीत. वर्षातून एकदाच मिळणारी संधी ती साधतात.

अशी जमीन इंग्लंड-युरोपात असते तेव्हा खाडीच्या सगळ्या काठाला हीच बुटकी झाडं आणि गवत असतं, कारण तिथल्या थंडीत कांदळवन जगत नाही. आपल्याकडे पुढची जागा कांदळवनानं घेतली आणि ही मागे सरकली. म्हणून आपल्याला वाटतं खाडी म्हणजे कांदळवन, आणि मागचं उरलेलं ते काही नाही.

प्रश्न : खाडीच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गटाराचा असतो ना? (ऐरोली)

गटाराचं पाणी मिसळलेलं असेल तर त्याचा वास वेगळा, पण सडक्या अंड्याचा वास निखळ स्वच्छ खाडीलाही येतो. चिखलात काडी खुपसा, वरचा थर तपकिरी आणि बोटभर खाली काळाकुट्ट. त्या काळ्या थरात ऑक्सिजन नाही. तिथले जीवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून पानं-काड्या कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, तोच वास. ऑक्सिजन नाही म्हणून कुजणं फार हळू होतं आणि झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन शेकडो वर्षं तिथेच गाडला जातो. आणि म्हणूनच तिवर-चिप्पीची मुळं काट्यांसारखी वर डोकं काढतात, खाली श्वास घ्यायला हवा नाही. त्यांच्यावर पाय देऊन चालू नका.

प्रश्न : आम्ही नेरूळ-सीवूड्सला राहतो. समोरच्या तळ्यात कधी हजारो फ्लेमिंगो असतात, कधी एकही नसतो. काही लोक म्हणतात हे तळं म्हणजे साचलेलं पाणी आहे, पक्षी तर खाडीत खातात, मग तळ्याची गरज काय? (एक जोडपं, नवी मुंबई)

तुम्ही बाल्कनीतून जे बघताय ते भरती-ओहोटीचं घड्याळ आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलावर खातात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो, मग त्यांना उथळ पाण्याची, मोकळी, चारी बाजूंनी दिसेल अशी जागा लागते जिथे पाच-सहा तास उभं राहता येईल. ती जागा म्हणजे तुमचं तळं, उरणकडचं पाणजे, भांडुपची पाणथळ, आणि जुनी मिठागरं. घर आणि ऑफिस दोन्ही लागतं ना आपल्याला, रात्री ऑफिस बंद असतं म्हणून घर बिनकामाचं होत नाही. विश्रांतीची जागा गेली तर समोर कितीही चिखल असला तरी पक्षी टिकत नाही, कारण दर भरतीला जागा शोधत हवेत घिरट्या घालायच्या तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं.

तुम्हाला कधी दिसतील याचा हिशोब कोळ्यांकडून शिका, मला माझ्या आजोबांनी शिकवला होता. आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, जे येईल ते साधारण पूर्ण भरतीचं वाजणं. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, ओहोटी नवाच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या आसपास. खाडीच्या आत शिरावं तसं थोडं मागेपुढे होतं, पण कॅलेंडर भिंतीवर असलं की ॲपची गरज पडत नाही. भरतीच्या आधी तास-दीड तास तळ्याशी जाऊन उभे राहा, थव्यानं येताना दिसतील.

साचलेलं पाणी हा आरोप मात्र कधीकधी खरा ठरतो आणि तो पक्ष्यांमुळे नाही. अशा तळ्यांना खाडीचं पाणी पाइपातून किंवा नाल्यातून येतं. तो बुजला, कोणी बुजवला, की पाणी हलायचं थांबतं, हिरवा तवंग चढतो, पक्षी जातात, आणि मग कोणीतरी म्हणतं बघा, पक्षी येत नाहीत, आता ही जागा मोकळी. तुमच्या सोसायटीला एक काम करता येईल, महिन्यातून एकदा भरतीच्या वेळी त्या तोंडाशी जाऊन पाणी आत येतंय का बघा आणि तारीख घालून फोटो ठेवा. अशा फोटोंची रांग असली ना, की हवेतल्या चर्चेला पुरावा मिळतो.

गुलाबी रंगाचंही विचारलंय. तो खाण्यातून येतो. ठाणे खाडीत दोन जाती आहेत. छोटा रोहित गडद गुलाबी, चोच काळपट लाल, तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, तो बारीक कोळंबीसारखे जीव, किडे, अळ्या खातो. दोघंही डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात, जिभेनं पाणी आत-बाहेर पंप करतात आणि चोचीतल्या गाळणीत खाणं अडकतं. शेवाळातली कॅरोटीन जातीची रंगद्रव्यं पिसांत उतरतात. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, म्हणजे अजून मोठी न झालेली, आजारी नाहीत. ते अंडी इथे घालत नाहीत, त्यासाठी कच्छच्या रणासारख्या जागा आहेत. शिवडीला ते मोठ्या संख्येनं दिसायला लागले १९९०च्या दशकात, आणि २०१५ साली ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ला महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. पण तुमची तळी त्या अभयारण्याच्या रेघेबाहेर आहेत, रेघ माणसांनी कागदावर काढली, पक्षी भरती बघून उडतात.

प्रश्न : आमच्या मंडळानं २६ जुलैला कांदळवन दिनानिमित्त आमच्या गावामागच्या मोकळ्या खाजणात ५०० कांदळ लावायचं ठरवलंय. रोपं कुठून घ्यावी, किती अंतरावर लावावी? (तरुण मंडळ, उरण)

मित्रांनो, तुमचं मन चांगलं आहे म्हणूनच स्पष्ट सांगते, तिथे लावू नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन जागा आहेत. एक, तिवरांच्या पुढचा सपाट चिखल. दुसरी, मागचं लालसर झुडपांचं मैदान. पुढच्या चिखलात झाड नाही याचं कारण कोणी लावलं नाही हे नव्हे. तिवराची फळं, कांदळाच्या शेंगांसारखी लोंबणारी रोपं, भरतीवर तरंगत दर वर्षी लाखांनी तिथून जातात. जिथे रुजायचं तिथे ती रुजतात. जिथे रुजत नाहीत तिथे पाणी जास्त वेळ उभं असतं, किंवा चिखल सारखा हलतो. तुम्ही हातानं रोवलेली बहुतेक मरतील. आणि समजा जगली, तर जास्त वाईट.

कारण तो उघडा चिखल हेच एक पीक आहे. वर दिसतो तो तपकिरी-सोनेरी लेप म्हणजे डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, आत किडे, शंख, शिवल्या, खेकड्यांची बिळं. हिवाळ्यात तिथे जे चिखल्या, तुतारी, टिलवे धावताना दिसतात त्यातला टिलवा वजनानं २५-३० ग्रॅमचा, मुठीत मावेल एवढा, आणि तो आर्क्टिकच्या काठावरून, सैबेरियाच्या टुंड्रातून आलेला असतो. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची. चिखल्याची आखूड, तो वरवरचं टिपतो. टिलव्याची जरा लांब. गॉडविटची सरळ आणि लांब, कर्ल्यूची खाली वाकलेली आणि वीतभर, ती खोल बिळातला किडा ओढून काढते. एकाच चिखलात चार मजल्यांवर चार जणांचं जेवण. तिथे झाडं उगवली की हे पक्षी उतरत नाहीत, त्यांना शिकारी पक्षी लांबून दिसायला हवा, आडोसा नकोच असतो. एप्रिलमध्ये जायच्या आधी ते इथे चरबी चढवून घेतात, तीच परतीच्या प्रवासाची शिदोरी. ती शिदोरी जिथे मिळते त्या जागी आपण झाड लावायचं आणि फोटो काढायचा, हे बरोबर नाही.

मागच्या मैदानाचं वर पेणच्या ताईंना लिहिलंच आहे. तिथे मीठ इतकं चढतं की कांदळ उन्हाळा काढणार नाही. काही ठिकाणी लोक चर खणून पाणी आत घेतात आणि लावतात, मग मूळचं खाजण जातं. शेकाट्या आणि टिटवी अशा उघड्या जागी आणि मिठागरांच्या बांधांवर जमिनीवरच अंडी घालतात, तुमच्या पायाखाली कधी आली कळणारही नाही.

मग काय करायचं? बरंच आहे. तुमच्याकडे ५०० हात आहेत असं समजा. तिवरांच्या श्वासमुळांत अडकलेलं प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे काढा, ओहोटीला, काठाकाठानं, चिखल न तुडवता. खाडीला जाणारा कुठला नाला, मोरी, पाइप भरावानं बुजलाय का शोधा, पाणी सुटलं की कांदळवन आपलं आपण येतं, ते कोणाला लावावं लागत नाही. डंपर रात्री राडारोडा टाकत असतील तर जागा, वेळ, फोटो नोंदवून तक्रार करा, हायकोर्टाच्या आदेशानं कांदळवन आणि पाणथळींसाठी समित्या नेमलेल्या आहेत, तिथे लेखी तक्रार जाते. आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७पासून चालू आहे, त्यात तुमच्या खाजणाची मोजदाद करा. आज त्या जागेवर किती पक्षी येतात याचा एकही कागद नसेल तर उद्या भराव पडताना तुम्ही काय दाखवणार? झाड लावायची हौसच असेल तर गावात, शाळेत, रस्त्याला उंडी लावा, करंज लावा, ही किनाऱ्याचीच झाडं आहेत.

एका गोष्टीचा मला राग येतो तो इथेच लिहिते. दुसरीकडे तोडलेल्या कांदळवनाची भरपाई म्हणून अशा उघड्या चिखलात रोपं रोवली जातात आणि आकडा पूर्ण होतो. तोडलेलं जंगल एकदा गेलं आणि हा चिखल दुसऱ्यांदा गेला. तुम्ही त्यात सामील होऊ नका.

प्रश्न : तुम्ही खाडीचं कौतुक लिहिता. माझी तीन एकर भातशेती होती. बांधाला भगदाड पडलं, खारं पाणी शिरलं, दुरुस्ती वेळेत झाली नाही. आता तिथे माणसाच्या उंचीची तिवरं आहेत आणि म्हणतात तोडायची नाहीत. आम्ही काय खायचं? (एक शेतकरी, अलिबाग तालुका)

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या माहेरच्या शेजाऱ्यांचं हेच झालंय.

तुमची जमीन निसर्गानं दिलेली नाही, माणसांनी समुद्राकडून घेतलेली आहे, पिढ्यान्‌पिढ्या माती-दगडाचे बांध घालून, उघाडी बसवून, भरतीला बंद ओहोटीला उघडी. ज्या खारेपाटात १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चरी गावचा शेतकऱ्यांचा संप चालला, नारायण नागू पाटलांच्या मागे माणसं उपाशी राहिली पण खोताची शेतं कसली नाहीत, त्या जमिनीचं मोल मला कोणी सांगायची गरज नाही. खाडीवर प्रेम आहे म्हणून शेतकऱ्याचं गेलं तर गेलं असं मी कधीच म्हणणार नाही.

तिवर एवढ्या लवकर का आलं ते सांगते. पाणी शिरलं तेव्हा तुमचं शेत हे रोज बुडणारं, गाळ साचणारं, लाटांपासून आडोशाचं असं झालं, तिवराला यापेक्षा चांगली जागा नाही. पहिल्याच पावसाळ्यात रोपं दिसली असतील. भगदाड पडल्यापासून एक-दोन हंगामांत बांध उभा राहिला तर पाऊस मीठ धुऊन काढतो आणि शेत परत येतं, तुमच्या वाडवडलांनी ते अनेकदा केलंय. नंतर मात्र झाड उभं राहतं आणि कायदा लागू होतो. मुंबई हायकोर्टाचा २००५चा आदेश आणि २०१८चा निकाल, दोन्हींनुसार कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन खाजगी असली तरी, आणि सार्वजनिक हिताचं काम असेल तरी कोर्टाची परवानगी लागते. म्हणून रात्रीतून तोडायचा विचार मनात असेल तर काढून टाका, गुन्हा दाखल होईल आणि जमिनीचं म्हणणं कायमचं कमजोर पडेल.

त्यापेक्षा कागद उभा करा. जुना सातबारा, पीकपाहणीच्या नोंदी, भगदाडाच्या वर्षीचा पंचनामा असेल तर तो, आणि उपग्रहाचे जुने फोटो, ज्यात तुमचं शेत शेत म्हणून दिसतं आणि बांध कुठे फुटला ते दिसतं. हे एकट्यानं नको, ज्यांची ज्यांची जमीन गेली त्या सगळ्यांनी मिळून. दोन मागण्या वेगवेगळ्या ठेवा. जिथे अजून तिवर आलेलं नाही तिथला बांध या उन्हाळ्यातच दुरुस्त व्हावा, ही पहिली, आणि ती जास्त महत्त्वाची, कारण तुमच्या शेजारचं शेत अजून वाचू शकतं. जिथे जंगल उभं आहे तिथल्या मालकाला मोबदला मिळावा, ही दुसरी. मुंबईला पुरापासून, वादळापासून कांदळवन वाचवतं असं सगळे म्हणतात, मग ते ज्याच्या सातबाऱ्यावर उभं आहे त्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे आणि मी ते जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

आणि जे शेत वाचलंय त्यासाठी, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती खारटपणा सोसतात. घरात जुनं राता भाताचं बी कोणाकडे उरलं असेल तर ते मोडू नका.

प्रश्न : इंग्लंडमध्ये मासळीच्या दुकानात साम्फायर म्हणून हिरव्या कांड्या मिळतात, खारट लागतात. आपल्याकडच्या खाजणातली तीच का? मग आपण का खात नाही? (लंडनहून एक ताई)

बरोबर ओळखलंत, सख्खी बहीण. तुमच्याकडची सालिकॉर्निया युरोपिया, आपल्याकडची सालिकॉर्निया ब्रॅकिआटा. पूर्वी युरोपात तिची राख काचेसाठी सोडा म्हणून वापरायचे. भावनगरच्या सॉल्ट अँड मरीन केमिकल्स संस्थेनं आपल्या जातीवर बरंच काम केलंय, तिच्या बियांत तेल असतं, झाडापासून मीठही काढतात. पण सुट्टीत घरी आल्यावर मुंबई-ठाण्याच्या खाडीतून तोडून आणू नका. ही झाडं मिठाबरोबर पाण्यातले जड धातूही शोषून घेतात.

प्रश्न : आईबरोबर खाडीवर गेलो तेव्हा मासा चिखलावर चालत होता. मासा पाण्याबाहेर मरत नाही का? (इयत्ता चौथी, रत्नागिरी)

तू निवटी पाहिलीस! भारी. मोठ्या माणसांनाही पटकन दिसत नाही ती, चिखलाच्याच रंगाची असते.

मासा पाण्याबाहेर मरतो कारण त्याचे कल्ले सुकतात आणि एकमेकांना चिकटतात, मग हवा घेता येत नाही. निवटी बाहेर येताना कल्ल्यांच्या खोलीत पाणी भरून आणते, जसा तू शाळेत बाटली नेतोस. शिवाय तिची कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर ओलं असेल तोवर त्यातूनही ती हवा घेते. म्हणून ती मधूनच चिखलात लोळते, खेळत नसते, अंग ओलं करत असते. डोळे डोक्यावर बेडकासारखे असतात आणि सुकले की ती ते आत ओढून ओले करून परत बाहेर काढते, नीट बघितलंस तर डोळा मिचकावल्यासारखं दिसेल. पुढचे दोन पंख हातासारखे टेकवत ती पुढे सरकते आणि घाई झाली की शेपटीनं उडी मारते.

काही निवट्या डोकं इकडून तिकडे हलवत चालतात, झाडू मारल्यासारखं. त्या चिखलावरचं शेवाळ खात असतात. दोन निवट्या तोंड उघडून, पाठीवरचा पंख उभा करून समोरासमोर आल्या तर ते भांडण असतं, जागेवरून. तिचं घर म्हणजे खोल बीळ. जपानमध्ये एका जातीचा अभ्यास झालाय, त्यात नर तोंडात हवेचा घोट घेऊन बिळात नेतो आणि अंड्यांच्या खोलीत सोडतो, कारण खालच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो. एकेक घोट, कितीतरी फेऱ्या.

तिच्या शेजारी तुला एक नांगी मोठी आणि एक लहान असलेले खेकडे दिसले असतील. मोठी नांगी फक्त नराला, ती तो हलवून दाखवतो, खायला लहान नांगीच वापरतो. चिखलाच्या छोट्या छोट्या गोळ्या बिळाभोवती पडलेल्या असतात ना, त्या त्याच्या, चिखलातलं खाणं चाटून उरलेला गोळा तो टाकून देतो.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा आईला ओहोटीची वेळ काढायला सांग, वर हिशोब दिलाय तसा. चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो. काठावर दगडावर नाहीतर बांधावर बसा. तुमची सावली चिखलावर पडली की सगळे एकदम बिळात जातील आणि वाटेल इथे काहीच नाही. मग दहा मिनिटं अजिबात हलू नका. आधी लहान खेकडे बाहेर येतात, त्यांच्या मागून निवट्यांचे नुसते डोळे.